लोणच्यात, सुकटीत आर्सेनिक वारंवार जास्त का येतं? वस्तुमान ७५ वरचा आकडा आणि त्याची तपासणी

अन्नपदार्थांच्या लॅबमध्ये आयसीपी-एमएसवर (आर्गॉनच्या प्लाझ्मात अणूंचे आयन करून वस्तुमानावरून मूलद्रव्य मोजणारं यंत्र) बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते. तांदूळ, डाळी, दूध पावडर यांचे रिझल्ट सरळ लागतात. पण लोणचं, सुकी चटणी, पापड, खारे दाणे, जलजीरा पावडर किंवा सुकट आली की आर्सेनिक चढतं. बाकी सगळं जागच्या जागी असतं. ब्लँक (नमुना नसलेलं द्रावण) स्वच्छ, डुप्लिकेट जुळलेले, सीआरएम (माहीत असलेल्या प्रमाणाचा प्रमाणित नमुना) बरोबर, स्पाइकची (मुद्दाम टाकलेल्या आर्सेनिकची) रिकव्हरी शंभर टक्क्यांच्या आसपास. रिपोर्ट निघतो, ग्राहक तोच नमुना दुसऱ्या लॅबला देतो आणि तिथे आर्सेनिक जवळपास सापडतच नाही. मग दोन्हीकडे फोनाफोनी सुरू होते.

या अडचणीचं मूळ बहुतेक वेळा मिठात असतं. खारट नमुन्यात वस्तुमान ७५ वर जे मोजलं जातं ते आर्सेनिकच आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. रोजची क्यूसी (गुणवत्ता तपासणी) ते सिद्ध करत नाही. ती का करत नाही हे समजलं की पुढचे उपाय सोपे आहेत.

७५ वर आणखी कोण येऊन बसतं

आर्सेनिकचा निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे, ७५. शिश्याला २०४, २०६, २०७, २०८ असे चार आहेत, कॅडमियमला १११, ११२, ११४ आहेत. एका समस्थानिकावरचा आकडा दुसऱ्यावर पडताळून बघता येतो. आर्सेनिकच्या बाबतीत ती सोय नाही.

प्लाझ्मा आर्गॉनचा असतो. आर्गॉन-४० आणि मिठातला क्लोरीन-३५ एकत्र आले की वस्तुमान होतं ७५. यंत्रातल्या क्वाड्रुपोलला, म्हणजे वस्तुमानाच्या गाळणीला, आर्सेनिक आणि ही जोडी यांतला फरक कळत नाही. कॅल्शियम-४० आणि क्लोरीन-३५ यांचीही बेरीज ७५ होते, पण खारट पदार्थांत त्रास देतो तो मुख्यतः आर्गॉन क्लोराईड.

हिशेब करून बघू. कैरीच्या लोणच्यात १५ टक्के मीठ आहे असं धरा. अर्धा ग्रॅम नमुना घेतला, डायजेस्ट केला (आम्लात तापवून विरघळवला), ५० मिलीला नेला. म्हणजे द्रावणात लिटरला दीड ग्रॅम मीठ, त्यात साधारण ९०० मिलिग्रॅम क्लोराईड. विरलन शंभर पट, त्यामुळे द्रावणातला १ पीपीबी (लिटरला १ मायक्रोग्रॅम) म्हणजे पदार्थातला ०.१ पीपीएम (किलोला ०.१ मिलिग्रॅम). एवढ्या क्लोराईडमुळे नो-गॅस मोडमध्ये (यंत्रात हेलियम न सोडता मोजताना) २ पीपीबी खोटं आर्सेनिक दिसलं, तर रिपोर्टवर ०.२ पीपीएम चढतं. पॉलिश केलेल्या तांदळातल्या असेंद्रिय आर्सेनिकसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादाच ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे. नियमातल्या मर्यादेएवढा आकडा नुसत्या मिठातून उभा राहू शकतो, यावरून या चुकीचा आवाका कळावा.

पाण्यातही हेच. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे १० पीपीबी. क्लोराईडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. मचूळ बोअरच्या पाण्यात क्लोराईड सहज तेवढं असतं, आणि पाणी आपण विरल न करता थेट चालवतो.

क्यूसी पास होऊनही आकडा खोटा कसा?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नव्या अ‍ॅनालिस्टचा विश्वास इथेच बसलेला असतो.

समजा, लोणच्याच्या द्रावणाचं रीडिंग २.४ पीपीबी आलं. त्यात ५ पीपीबी आर्सेनिक टाकलं, रीडिंग ७.३ झालं. रिकव्हरी ९८ टक्के. पण स्पाइकने काय तपासलं? वरून टाकलेलं आर्सेनिक पूर्ण दिसतं की नाही, एवढंच. मुळातले २.४ कुठून आले हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. क्लोराईडचा वाटा स्पाइकच्या आधीही तेवढाच आणि नंतरही तेवढाच, वजाबाकीत तो निघून जातो. स्टँडर्ड अ‍ॅडिशन, म्हणजे नमुन्यातच वाढतं आर्सेनिक टाकून आलेख काढणं, केलं तरी तेच. त्याने उतार सुधारतो, पण खालून वर सरकलेली रेषा खाली येत नाही.

मग विरल करून बघतो. पाच पट विरल केलं, ०.४९ आलं, पाचाने गुणलं तर २.४५. छान जुळलं! पण क्लोराईडही पाच पटच विरल झालं आणि आर्गॉन क्लोराईड साधारण त्याच प्रमाणात उतरलं. हीही चाचणी पास.

सीआरएमचं काय? बहुतेक लॅबमध्ये तांदळाचं पीठ वापरतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचं १५६८बी घेतलं तर त्यात एकूण आर्सेनिक ०.२८५ मिलिग्रॅम प्रतिकिलो. पण त्या पिठात मीठ नाही. ते बरोबर आलं म्हणजे पिठाची पद्धत बरोबर आहे, लोणच्याबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि डुप्लिकेट जुळतात कारण दोन्हीत मीठ सारखंच असतं.

उलट कधीकधी डुप्लिकेट जुळत नाहीत तेव्हाच खरा धागा हाती लागतो. नायट्रिक आम्ल आणि क्लोराईड बंद भांड्यात तापले की क्लोरीन आणि नायट्रोसिल क्लोराईड तयार होतात, आणि झाकण सैल करताना त्यातलं बरंचसं वायूबरोबर निघून जातं. किती जाईल ते प्रत्येक भांड्यात वेगळं. एकाच लोणच्याच्या दोन भांड्यांत आर्सेनिकमध्ये मोठा फरक आणि कॅडमियम-शिसं मात्र अगदी जुळलेलं, असं दिसलं तर नमुना नीट वाटला गेला नाही असा निष्कर्ष काढण्याआधी क्लोराईडचा विचार करा.

संशय पक्का कसा करायचा

आधी तोच रन पुन्हा उघडा आणि शेजारचे आकडे वाचा. नवं काही चालवायची गरज नाही. क्लोरीन-३५ आणि ऑक्सिजन-१६ मिळून ५१ होतात, तिथे व्हॅनेडियम असतं. क्लोरीन-३७ आणि ऑक्सिजन मिळून ५३, तिथे क्रोमियमचा एक समस्थानिक. आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३७ मिळून ७७, तिथे सेलेनियमचा एक. नो-गॅसमध्ये एकाच नमुन्यात आर्सेनिक, व्हॅनेडियम आणि ७७ वरचं सेलेनियम असे तिघेही एकदम वर गेलेत, आणि ५३ वरून काढलेलं क्रोमियम ५२ वरच्यापेक्षा जास्त आहे, तर तो क्लोराईडचाच ठसा आहे. खऱ्या आर्सेनिकला व्हॅनेडियमला सोबत घेऊन यायचं काही कारण नाही.

दुसरी तपासणी मिठाच्या ब्लँकची. उच्च शुद्धतेचं सोडियम क्लोराईड घ्या, नमुन्यात जेवढं क्लोराईड असेल तेवढं ब्लँकच्या आम्लात विरघळवा आणि नमुना म्हणून चालवा. स्वयंपाकाचं किंवा साध्या ग्रेडचं मीठ घेऊ नका, त्यात स्वतःचं आर्सेनिक असू शकतं आणि मग गोंधळ दुप्पट होतो. हे द्रावण नो-गॅस आणि हेलियम दोन्ही मोडमध्ये चालवा. नो-गॅसमध्ये २ पीपीबी आणि हेलियममध्ये शून्याच्या जवळ आलं, तर उत्तर मिळालं.

हायड्रोक्लोरिक आम्लाबद्दल इथेच सांगतो. पारा द्रावणात टिकून राहावा म्हणून पुष्कळ लॅब सगळ्या द्रावणांत अर्धा-एक टक्का हायड्रोक्लोरिक टाकतात. एक टक्का म्हणजे लिटरला चार ग्रॅमहून अधिक क्लोराईड, लोणच्यातल्या मिठापेक्षाही कितीतरी जास्त. ब्लँक, स्टँडर्ड आणि नमुना तिन्हींत ते सारखं असेल तर ब्लँकच्या वजाबाकीत त्याचा वाटा जातो. पण नमुन्यातल्या मिठाचा वाटा राहतोच. आणि एखाद्याने नमुन्यांत हायड्रोक्लोरिक टाकून स्टँडर्ड नुसत्या नायट्रिकमध्ये केले असतील तर प्रत्येक नमुन्यात आर्सेनिक निघेल. पाऱ्यासाठी हायड्रोक्लोरिकऐवजी १०० ते २०० पीपीबी सोनं वापरलं तर क्लोराईडचा हा भाग टळतो.

उपाय

यंत्रात कोलिजन सेल (हेलियम सोडून आयन त्यावर आदळवायचा कप्पा) असेल तर आर्सेनिक हेलियम मोडमध्येच मोजा, सगळ्या नमुन्यांसाठी. "खारट असेल तरच हेलियम" हा नियम मला पटत नाही. नमुन्याच्या लेबलवरून मीठ कळत नाही. बिस्किटातही असतं, सूप पावडरमध्ये तर भरपूर. आर्गॉन क्लोराईड हा दोन अणूंचा आकाराने मोठा आयन आहे, तो हेलियमच्या अणूंवर जास्त वेळा आदळतो, ऊर्जा गमावतो आणि सेलच्या बाहेरचा ऊर्जेचा अडथळा ओलांडू शकत नाही. आर्सेनिक ओलांडतं. संवेदनशीलता थोडी घटते, म्हणून आर्सेनिकचा मोजणीचा वेळ वाढवा. एका सेकंदापर्यंत नेला तरी नमुन्यामागे फार वेळ जात नाही.

हेलियम लावूनही मिठाचा ब्लँक शून्यावर येत नसेल तर दोष सेलच्या बाजूला शोधा. सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं सिलिंडर बदलल्यानंतर लाइनमध्ये राहिलेली हवा किंवा ओल. लाइन पुरेशी पर्ज करा, जोड सैल नाहीत ना बघा, गॅस ९९.९९९ टक्क्यांचा आहे ना ते सिलिंडरच्या प्रमाणपत्रावर वाचा. नंतर हेलियमचा प्रवाह थोडा थोडा वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीला एक टक्का हायड्रोक्लोरिकचा ब्लँक आणि कोबाल्टचं द्रावण चालवा. ५१ वरचा क्लोरीन ऑक्साईड झपाट्याने पडतो, ५९ वरचा कोबाल्ट हळू पडतो. दोघांचं गुणोत्तर यंत्राच्या कंपनीने दिलेल्या किमान आकड्याच्या वर गेलं की प्रवाह ठरला. हे गुणोत्तर रोज सकाळच्या ट्यूनिंगमध्ये नोंदवलं तर सेल बिघडायला लागल्याचं आधीच कळतं.

सेल नसलेलं जुनं यंत्र असेल तर गणिती दुरुस्ती उरते. अमेरिकेच्या ईपीएच्या २००.८ या पद्धतीतलं समीकरण सगळ्यांना माहीत आहे: ७७ वरच्या मोजणीतून ८२ वरच्या मोजणीची ०.८१५ पट वजा करा, जे उरेल त्याला ३.१२७ ने गुणा आणि ते ७५ मधून वजा करा. ३.१२७ म्हणजे क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ यांचं निसर्गातलं प्रमाण. पाण्यासाठी हे चालतं. सुकटीसाठी मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. समुद्री पदार्थांत ब्रोमीन असतं, ब्रोमीन-८१ हायड्रोजनला धरून ८२ वर येतं. आर्गॉनमध्ये क्रिप्टॉनची अशुद्धी असेल तर तीही ८२ वर दिसते. ८२ फुगलं की वजावट कमी होते आणि खोटं आर्सेनिक शिल्लक राहतं. शिवाय दोन मोठ्या मोजण्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढायचा म्हणजे अनिश्चितता वाढते, त्याप्रमाणे एलओक्यू (खात्रीने मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाची मर्यादा) वर न्यावी लागते.

विरघळलेले क्षारही बघा. वरच्या हिशेबात नुसतं मीठच ०.१५ टक्के होतं, आणि यंत्राला साधारण ०.२ टक्क्यांपर्यंतच सोसतं. कोनवर (आयन आत घेणाऱ्या छिद्राच्या भागावर) पांढरा थर बसतो, इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्या द्रावणांत सारखं टाकलेलं तुलनेचं मूलद्रव्य) घसरत जातं. लोणच्यासाठी १०० मिलीला नेणं चांगलं.

हेलियमला न जुमानणारे दोघे

पहिला प्रकार मातीतला. निओडिमियम-१५० आणि समॅरियम-१५० यांच्यावर दोन विद्युतभार चढले की यंत्र त्यांना १५० भागिले २, म्हणजे ७५ वर वाचतं. हे एकेकटे अणू आहेत, त्यांना हेलियम अडवत नाही. मेथी-पालकासारखी मातीला चिकटून येणारी भाजी, हळदीचे गड्डे, चहापत्ती यांत आर्सेनिक थोडं जास्त वाटलं तर ७२.५ आणि ७३.५ या अर्ध्या वस्तुमानांवर निओडिमियम-१४५ आणि समॅरियम-१४७ दिसतात का बघा. दिसले तर त्यांवरून दुरुस्ती करता येते. ट्रिपल क्वाड (वस्तुमानाच्या दोन गाळण्या असलेलं यंत्र) असेल तर ऑक्सिजन वापरून आर्सेनिकला ९१ वर न्या, प्रश्न मिटतो. ट्यूनिंगमध्ये सिरियमचा दुहेरी भाराचा भाग तीन टक्क्यांच्या आत ठेवणं एवढं तर कुठल्याही यंत्रावर करता येतं.

दुसरा कार्बन. लोणच्यातलं तेल पूर्ण जळलं नाही तर द्रावण पिवळट राहतं, वर बारीक तवंग दिसतो. असा उरलेला कार्बन प्लाझ्मात आर्सेनिक आणि सेलेनियम यांचं आयनीकरण वाढवतो. इथे खोटं आर्सेनिक येत नाही, असलेलं आर्सेनिक फुगून दिसतं, आणि ते स्पाइक रिकव्हरीत पकडलं जातं. रिकव्हरी ११५-१२० च्या पुढे आली तर हेच समजा. तेलकट नमुना ०.३ ग्रॅमच घ्या, झाकण लावण्याआधी आम्लात थोडा वेळ उघडा बसू द्या, डायजेशन २०० अंशांपर्यंत न्या, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साईड. नाशिककडची वाइन नुसती विरल करून चालवणारे स्टँडर्डमध्येही तेवढंच अल्कोहोल घालतात, त्याचं कारण हेच. इंटर्नल स्टँडर्ड म्हणून ऱ्होडियमपेक्षा टेल्युरियम बरं, त्याची आयनीकरण ऊर्जा आर्सेनिकच्या जवळ आहे.

सुकट वेगळी आहे

इतकं सगळं करूनही सुकट, सोडे, बोंबील यांत हेलियम मोडमध्ये काही पीपीएम आर्सेनिक राहतं. इथे घाबरून यंत्र खोलू नका. ते आर्सेनिक खरं आहे. समुद्रातले मासे आणि कोळंबी आर्सेनोबीटेन या सेंद्रिय रूपात आर्सेनिक साठवतात. माणसाच्या शरीरातून ते बदल न होता लघवीवाटे निघून जातं, आणि त्याची विषारीता असेंद्रिय आर्सेनिकच्या तुलनेत नगण्य मानली जाते. विषारी धातू शोधतोय आणि आकडा मोठा आलाय एवढ्यावर कोकणातल्या एखाद्या सुकी मासळी विकणाऱ्या बाईचा माल अडकू नये, असं मला मनापासून वाटतं.

दोन लॅबमधला वाद इथेही होतो, कारण मात्र वेगळं. एका लॅबने आयसीपी-एमएसवर ४ पीपीएम दिलं, दुसरीने हायड्राइड जनरेशन एएएसवर (आर्सेनिकचा हायड्राइड वायू करून प्रकाशशोषणावरून मोजणाऱ्या यंत्रावर) ०.३ दिलं, तर दोघांचीही यंत्रं ठीक असू शकतात. आर्सेनोबीटेन हायड्राइड बनवत नाही. ते फोडायला नायट्रिकमध्ये २८० अंशांच्या पुढचं तापमान लागतं, किंवा मॅग्नेशियम नायट्रेट घालून कोरडं भस्म करावं लागतं. २०० अंशांच्या डायजेशनमध्ये ते तसंच राहतं. आयसीपी-एमएसचा प्लाझ्मा मात्र कुठलंही रूप फोडतो, म्हणून तिथे एकूण आर्सेनिक दिसतं. हायड्राइड करणाऱ्यांनी आणखी एक बघावं: पोटॅशियम आयोडाईड आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल टाकल्यावर द्रावण तपकिरी झालं, तर नायट्रिक उरलंय, आयोडीन सुटतंय आणि आर्सेनिकचं क्षपण अर्धवट राहणार.

खरा प्रश्न असेंद्रिय किती, हा असेल तर एचपीएलसी-आयसीपी-एमएस (आधी कॉलममध्ये आर्सेनिकची रूपं वेगळी करून मग मोजणारी जोडणी) लागतं. युरोपचं ईएन १६८०२ हे मानक समुद्री आणि वनस्पतिजन्य अशा दोन्ही पदार्थांसाठी आहे. त्यात विरल नायट्रिकमध्ये हायड्रोजन पेरॉक्साईड घालून गरम करतात, म्हणजे त्रिसंयुजी आर्सेनिकचं पंचसंयुजी होतं आणि सगळं असेंद्रिय एकाच शिखरात येतं. हे महत्त्वाचं, कारण त्रिसंयुजी आर्सेनिक कॉलममधून आर्सेनोबीटेनच्या अगदी लगत बाहेर पडतं, आणि सुकटीत आर्सेनोबीटेन एवढं असतं की त्याच्या शेजारचं छोटं शिखर गिळलं जातं. क्रोमॅटोग्राफी करतानाही हेलियम मोड चालूच ठेवा, नाहीतर नमुन्यातलं क्लोराईड ७५ वर स्वतःचं शिखर काढतं. निस्टच्या त्याच १५६८बी पिठात असेंद्रिय आर्सेनिक ०.०९२ मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे, पद्धत बसवताना त्याचा उपयोग होतो.

रिपोर्टवर काय लिहायचं

लॅबचा आकडा कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं. २०१५ साली मॅगीतल्या शिश्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा ज्या लॅबच्या रिपोर्टांवर बंदी घातली होती त्यांना आवश्यक मान्यता होती का, हा मुद्दा निकालात कळीचा ठरला. १३ ऑगस्टला बंदी रद्द झाली आणि न्यायालयाने एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या तीन लॅबमध्ये फेरतपासणी करायला सांगितलं. मान्यता असलेल्या लॅबलाही कुणी विचारू शकतं: हे ७५ वरचं आर्सेनिकच होतं कशावरून?

म्हणून खारट नमुन्याच्या प्रत्येक बॅचमध्ये मिठाचा ब्लँक ठेवा आणि त्याचा आकडा कच्च्या नोंदीत राहू द्या. एखादं स्वच्छ लोणचं किंवा मिठाचंच द्रावण, त्यात माहीत असलेलं आर्सेनिक टाकून स्वतःचा कंट्रोल नमुना करा, कारण बाजारातल्या तांदळाच्या सीआरएमने ही जागा भरत नाही. रिपोर्टवर "आर्सेनिक" एवढंच लिहू नका, "एकूण आर्सेनिक" किंवा "असेंद्रिय आर्सेनिक" असं स्पष्ट लिहा, पद्धत आणि मोड लिहा. मर्यादा असेंद्रियची आणि मोजलेलं एकूण, अशी तुलना करून नमुना नापास करू नका.

आणि जुने नमुने नो-गॅसमध्येच चालवले गेले असतील तर डायजेस्ट फेकण्याआधी एकदा बाटल्या काढा. नायट्रिकमध्ये बंद ठेवलेलं आर्सेनिक टिकतं. डायजेशन पुन्हा करायची गरज नाही, तेच द्रावण मिठाच्या ब्लँकबरोबर हेलियम मोडमध्ये चालवा.